बायकांच्या वतीनं

माईकसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले ती मजुरी वाढवू नका असं सांगायला. आणि ते सांगितलं तीस-पस्तीस बायकांच्या वतीनं. त्या बायकांत माझी आईही होती.

पुढं आयुष्यात पुष्कळ बोलले. शाळेत शिकवलं, निरोप समारंभांतून, कुणाकुणाच्या एकसष्टीला भाषणं केली. ‘बाई, तुम्ही फार छान बोलता,’ असं कुणी म्हटलं की माझी मान खाली जाते. लोकांना तो विनय वाटतो. मी त्यांना तसं वाटू देते.

आम्ही शिवाजी पेठेत राहायचो. वडिलांचा टांगा होता. गावात रिक्षा वाढल्या तशी टांग्यातली माणसं उतरली ती परत चढलीच नाहीत. घोडं विकलं आणि वडील घरात बसले. तेव्हा आई मिरचीच्या गोदामात जायला लागली. काम साधं होतं. वाळलेल्या मिरच्यांचे ढीग पुढ्यात ओतायचे आणि एकेका मिरचीचं देठ मोडून ती पाटीत टाकायची. पाटी भरली की काट्यावर न्यायची. जेवढ्या पाट्या तेवढी मजुरी. सांगायला साधं, पण दुपारपर्यंत हातांची अशी आग व्हायची की बायका पाण्याच्या पिंपाला तळवे लावून उभ्या राहायच्या. ठसक्यानं तोंडाला पदर बांधलेला, आणि बांधूनही शिंका. आई आम्हा भावंडांचे डोळे कधी हातानं पुसायची नाही. दंडानं पुसायची.

मी मॅट्रिक झाले. शाळेत वक्तृत्वाची दोन बक्षिसं मिळवलेली होती, त्यामुळं आपण पुढं कुणीतरी होणार असं मला उगाच वाटायचं. झाले एवढंच, की निकालानंतर महिन्याभरात मीही आईच्या शेजारी गोदामात जाऊन बसले. पहिल्या दिवशी ठसक्यानं माझा जीव गुदमरला. तेव्हा दाराजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपली गोणपाटाची बसकूर उचलली आणि म्हणाली, “हितं ये पोरी. हितं वारं लागतंय. मला काय, सवय हाय.”

तिला सगळ्या खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. सगळ्यांत जुनी ती. नवरा बॅंडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी कोडोलीला दिलेली. खाला एका खोलीत एकटी राहायची आणि मिरचीवर जगायची. दाराजवळची जागा तिनं वाऱ्यासाठी धरलेली नव्हती, उजेडासाठी धरलेली होती. तिला कमी दिसायचं. हे मला पुढं कळलं. तोवर मी तिथं रुळले होते आणि जागा परत कर असं ती म्हणाली नाही. देठ मोडायचं तिनंच मला शिकवलं. “नखानं नको, नखात तिखट जातंय. पेरानं मोड.”

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. महागाईनं लोक टेकीला आलेले. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या फाटकाशी एक वकील येऊन उभे राहिले. कामगार संघटनेचं काम करायचे. त्यांनी सांगितलं, मिरचीच्या कामाला सरकार किमान रोज ठरवून देणार आहे. पाट्या कमी होवोत की जास्त, दिवसभर राबणाऱ्या बाईला एवढे पैसे मिळालेच पाहिजेत, असा कायदाच होईल. त्यासाठी सरकारनं एक समिती नेमलीय, ती कोल्हापुरात येऊन दोन्ही बाजूंचं ऐकणार आहे.

त्या दिवशी दुपारभर गोदामात दुसरा विषय नव्हता.

“सरकार देणार का मालक देणार?” एकीनं विचारलं.

“मालकच की. सरकार कुठनं देतंय?”

“मग दिलं! मालक मशीन आणंल आनि आपल्याला हाकलंल.”

“मशीनला देठ दिसतंय व्हय गं?” खाला म्हणाली. “मलाच दिसंना झालंय.”

सगळ्या हसल्या. हसता हसता एकीला ठसका लागला आणि पाणी आणायला मी उठले. आपला रोज वाढावा असं तेव्हा मलाही वाटत होतं. नाही कशाला वाटेल?

चार दिवसांनी मालकांनी मला पेढीवर बोलावलं. पेढी म्हणजे गोदामाच्या पुढची खोली. तिथं गादी, तिजोरी, टेलिफोन आणि पंखा. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, “आत ये की. बस.” मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीतल्या खुर्चीवर बसले. माझ्यासाठी कपबशीत चहा आला.

मालक काही सिनेमातले खलनायक नव्हते. दिवाळीला बायकांना लुगडं द्यायचे, कुणाच्या घरी मयत झालं तर जाऊन यायचे. शांतपणे बोलायचे. म्हणाले, “तू शिकलेली आहेस म्हणून तुला सांगतो. इथं रोज वाढवला आणि पलीकडं कर्नाटकात नाही वाढवला, तर व्यापार तिकडं जाईल. मग मी एवढ्या बायका कशा ठेवू? निम्म्या काढाव्या लागतील. हे मी बोललो तर लोक म्हणतील मालक आहे, बोलणारच. तुमच्यातल्या एखादीनं सांगितलं तर समितीला पटेल.”

मी कपबशी खाली ठेवली.

“जबरदस्ती नाही,” ते म्हणाले. “विचार कर. आणि हो, काट्यावरचे दिवाणजी आता थकलेत. वजनं लिहायला कुणीतरी शिकलेलं माणूस मला लागणारच आहे.”

दोन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींना जोडल्या नाहीत. मधे चहाचा घोट घेतला. जोडणं माझ्यावर सोडलं, आणि मी ते पेढीची पायरी उतरायच्या आत केलं.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, तव्यावरची भाकरी करपायला आली तेव्हा उलटली, आणि म्हणाली, “बोल. तुझं हात तरी सुटतील त्यातनं.”

“पण आई, बायका काय म्हणतील?”

“बायका काय जेवायला घालत्यात?”

तेवढंच. मी कागद घेऊन भाषण लिहायला बसले. खरं सांगायचं तर लिहिताना मला मजा आली. शाळेतल्यासारखे मुद्दे काढले, एकेका मुद्द्याला दाखला शोधला. रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. छान झोप लागली.

समिती बसली होती एका सरकारी इमारतीतल्या सभागृहात. समोर टेबलामागं साहेब मंडळी, मधोमध अध्यक्ष. एका बाजूला खुर्च्यांवर व्यापारी. दुसऱ्या बाजूला वकील, त्यांचे दोघे-चौघे कार्यकर्ते आणि निरनिराळ्या गोदामांतल्या बायका. आमच्या मालकांनी बायकांना न्यायला टेम्पो सांगितला होता. आम्ही उतरलो, तेव्हा बायकांना मागच्या बाकांवर बसवलं आणि मला पुढं, व्यापाऱ्यांच्या बाजूच्या शेवटच्या खुर्चीवर. मी मागं वळून पाहिलं नाही.

आधी वकील बोलले. महागाई, घरभाडं, पोरांचं शिक्षण, हातांना होणाऱ्या जखमा. नंतर व्यापाऱ्यांचा एक प्रतिनिधी इंग्रजी-मराठीत काहीतरी बोलला आणि मग म्हणाला, “आता खुद्द कामगार भगिनींच्या वतीनं एक मुलगी आपलं म्हणणं मांडेल.”

मी उठले. माईकजवळ गेले. पहिली दोन वाक्यं कागदाकडं बघून म्हटली. मग आवाज लागला. आम्हाला पाटीवरची मजुरीच बरी, असं मी म्हणाले. घरचं आवरून केव्हाही यावं, पोराला ताप असला तर लवकर जावं, ही मुभा पाटीमुळं आहे. रोज ठरला की वेळ ठरेल, वेळ ठरली की आमच्यासारख्या बायकांची अडचण होईल. व्यापार शेजारच्या राज्यात जाईल. काम राहिलं तर मजुरीला अर्थ. व्यापारी माना डोलावत होते. यातलं सगळंच खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. लेकुरवाळ्या बायकांना खरंच ती मुभा लागायची. पण मी ते त्यांच्यासाठी बोलत नव्हते.

अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, “पण बाळ, दिवसभर राबून ठरावीक पैसे हातात पडले तर तुमचा फायदाच नाही का?”

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. स्पर्धेत असा प्रश्न आला की दाखला द्यायचा, हे मला ठाऊक होतं. आणि न वापरलेला एक दाखला कागदावर तयारच होता.

“साहेब,” मी म्हणाले, “आमच्यात एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांना नीट दिसत नाही. बोटं वाकडी झालीत. आमच्या चार पाट्या होतात तेव्हा त्यांची कशीबशी एक होते. पाटीवर मजुरी आहे म्हणून त्यांना काम आहे. उद्या सगळ्यांना सारखाच रोज द्यायचा झाला, तर अशा बाईला कोण ठेवील? हा कायदा आधी त्यांच्याच पोटावर पाय देईल.”

व्यापाऱ्यांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “त्या बाई आल्यात का इथं?”

मी हात केला. विचार केला नाही. सरळ मागच्या बाकाकडं बोट दाखवलं.

आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळून खाला उठून उभी राहिली. सगळं सभागृह वळून तिच्याकडं बघायला लागलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हात पदराखाली घेतले.

“तुमचं काय म्हणणं आहे, बाई?” अध्यक्षांनी विचारलं.

खाला माझ्याकडं बघत होती. एवढ्या लांबून तिला माझा चेहरा दिसत नसणार, पण बघत होती. म्हणाली, “पोरगी शिकल्याली हाय. ती सांगती ते बरोबरच असंल.” मग जरा थांबून, “पर सायेब, एक पाटी न्हवं. दोन. थंडीच्या दिसांत अडीच बी हुत्यात.”

सभागृह हसलं. व्यापारी हसले, कार्यकर्ते हसले, टेबलामागचे साहेबही हसले. वाईट बुद्धीनं नव्हे. म्हातारं माणूस काही भाबडं बोललं की हसतात तसं. आणि मीही हसले. माईकसमोर उभी राहून, बक्षीस मिळाल्यासारखी.

परतताना बायका टेम्पोत मागं बसल्या. मी पुढं, ड्रायव्हरशेजारी बसले होते.

दुसऱ्या दिवशी गोदामात गेले तेव्हा खाला नेहमीच्या जागी होती, आतल्या अंधारातल्या. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तिनं मान वर न करता विचारलं, “माझ्या पाट्या तू कवापास्नं मोजायलीस गं?”



तिनं दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. “आनि बोटं काय जन्मताच वाकडी न्हवती. हितंच झाल्यात.” आणि परत मिरच्यांत हात घातला.

महिन्याभरात मी काट्यावर बसले. टेबल, खुर्ची, शाईचं पेन. हातांची आग थांबली. ज्या बायकांच्या मांडीला मांडी लावून मी बसत होते त्या आता पाटी घेऊन माझ्यापुढं उभ्या राहायच्या, वजन ऐकायच्या आणि जायच्या. मी कुणाच्या घोळक्याजवळ गेले की बोलणं बंद पडायचं. आईशीही त्या पूर्वीसारख्या बोलत नव्हत्या. आईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पेढीवर ये-जा वाढल्यावर मिरची कितीला येते आणि कितीला जाते ते मला समजायला लागलं. रोज वाढला असता तर मालक बुडाले नसते. मी मांडलेले मुद्दे मला कुणी शिकवले होते आणि ते मी किती न तपासता घोकले होते, हे तेव्हा उमगलं. तरी खुर्ची सोडावी असं मनात आलं नाही. हे लिहायला नको वाटतं, पण आलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर सरकारचा हुकूम निघाला. किमान रोज ठरला. वकिलांनी मागितला होता त्यापेक्षा कमी, पण आम्हाला मिळत होतं त्यापेक्षा बराच जास्त. व्यापार कर्नाटकात गेला नाही. मशीनही आलं नाही. आईच्या हातात आठवड्याला जास्त पैसे पडायला लागले. आणि गंमत अशी, की त्या हुकमात काट्यावरच्या कारकुनालाही धरलेलं होतं. ज्या कायद्याच्या विरोधात मी भाषण केलं, त्यानं माझाही पगार वाढला. मी तो घेतला.

मालकांनी फक्त चार बायका कमी केल्या. मला बोलावून नावं सांगितली. पहिलं नाव खालाचं.

“मालक, त्या सगळ्यांत जुन्या आहेत,” मी म्हणाले.

“मग? मला सारखाच रोज द्यायला लागणार. एका पाटीला चार पाट्यांचे पैसे?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “भर सभेत तूच म्हणालीस की, अशा बाईला कोण ठेवील? मी तुझ्याच शब्दावर चाललोय. शनिवारी सांगून टाक त्यांना.”

‘तुम्हीच सांगा’ असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तिथंच राहिलं.

शनिवारी मजुरी घेऊन बायका निघाल्या तेव्हा मी खालाला फाटकाशी थांबवलं. सोमवारपासून येऊ नको, असं सांगितलं. जेवढं हळू सांगता येईल तेवढं हळू. तिनं ऐकून घेतलं. पदराच्या टोकाला पैसे बांधले, दोनदा गाठ मारली.

“हे मालक सांगत्यात का तू?”

“मालक,” मी म्हणाले.

ते खरं होतं. आणि तेवढं खोटं मी उभ्या जन्मात बोलले नसेन.

खाला खोली सोडून कोडोलीला मुलीकडं गेली असं पुढं कानावर आलं. लेकीच्या घरात जाऊन राहायचं नाही, हा तिचा हट्ट सगळ्यांना माहीत होता. बायकांत त्याची चर्चा झाली असणार. माझ्यासमोर झाली नाही.

मी काट्यावर चार वर्षं काढली. त्या काळात बाहेरून परीक्षा दिल्या, शिक्षिकेचा कोर्स केला आणि नोकरी लागल्यावर गोदाम सोडलं. शाळेत पहिल्या वर्षी आम्ही शिक्षक पगारवाढीसाठी मोर्चात गेलो. सहकारी घोषणा देत होते, मला म्हणाले, बाई, आवाज चांगलाय तुमचा, तुम्ही सांगा घोषणा.  सर्दी झालीय असं सांगून मी मागच्या रांगेत गेले. पुढच्याच रविवारी मी कोडोलीच्या एसटीत बसले.

घर शोधायला वेळ लागला नाही. खाला ओसरीत बसून नातीची वेणी घालत होती. डोळ्यांनी आता जवळजवळ दिसतच नव्हतं, बोटांच्या अदमासानं पेड घालत होती. मी नाव सांगितलं. “आवाज वळखला मी,” ती म्हणाली. “तू बोलाय लागलीस की कुनी बी वळखंल.”

खालाची लेक पाणी देऊन गेली. मी म्हटलं, “खाला, माझं चुकलं.”

“कुठलं?”

मी अडखळत सांगायला लागले. मजुरी वाढू नये म्हणून बोलले, त्यामुळं…

“ते सोड,” ती म्हणाली. “रोज वाढायचा तर वाढतोय, न्हाय तर न्हाय. तुझ्या बोलन्यानं काय सरकार हाललं? आनि मला मालक आज ना उद्या काढणारच हुता. मला दिसतच न्हवतं.” तिनं नातीच्या वेणीला फीत बांधली. “पर तू मला उभी केलीस. परक्या बाप्यांम्होरं. ती समदी हसली माझ्यावर.”

मी पाण्याचं भांडं उचललं आणि परत ठेवलं.

“आदी मला इचारलं असतंस तर मी म्हनलो असतो की, सांग जा. सांग, खालाच्या पाट्या हुईत न्हाईत. तुझं हात सुटत असतील तर सांग. इचारायचं हुतंस.”

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. लेकीनं जेवायला वाढलं. मी नको म्हणत होते, पण जेवल्याशिवाय सोडेनात. मी जेवले, आणि मधेच रडू आलं तेव्हा तिखट लागलं म्हणून सांगितलं. लेकीनं दह्याची वाटी आणून ठेवली.

घरी येऊन आईला सांगितलं, खालाकडं गेले होते. आई अंथरुणं घालत होती. तशीच चादर हातात धरून खाली बसली.

“त्या दिवशी टेम्पोत तिनं मला इचारलंतं,” आई म्हणाली. “हळूच. म्हनली, तुझ्या लेकीला हे माझं सांगाय कुनी शिकवलं गं?”

“मग?”

“मी म्हनलं, मला काय म्हाईत.”

मला माहीत होतं, की खालाबद्दलचं ते वाक्य मी आदल्या संध्याकाळी घरात मोठ्यानं म्हणून दाखवलं होतं. आई समोर तांदूळ निवडत बसली होती. पाठ झालंय का ते बघायला मी तिला दोनदा ऐकवलं होतं. दुसऱ्यांदा ऐकून ती म्हणाली होती, चांगलं हाय.

 मग आईनं चादर पसरली आणि मला म्हणाली, त्या टोकाला धर.